तंजावरचे नेत्रवैद्य राजे : सरफोजी भोसले यांचें चरित्र

वैतरणेच्या मुखाशीं असलेल्या दातिवरे गांवापासून केळवें, माहीम व तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर जे राहतात, त्यांस मराठ्यांच्या राज्याची ओळख जुन्या पडक्या कोटांवरून होते. १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं हा किनारा पोर्तुगीजांपासून घेतला, ही गोष्ट आपल्या मुलांस शाळेंत शिकवितात. परंतु याच मराठी भाषेचें व याच भोसले कुळाचें दुसरें एक राज्य दूर दक्षिणेस, कावेरीच्या कांठीं तंजावर येथें होतें, हें आपल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसतें. त्या घराण्यांत एक राजा असा होऊन गेला कीं, त्याचें नांव तरवारीच्या पराक्रमामुळें नव्हे, तर विद्येमुळें आणि डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपकारामुळें राहिलें आहे. त्यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

तंजावरचें मराठी राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं १६७५ च्या सुमारास स्थापिलें. पुढें शंभर वर्षांनीं तेथें तुळजाजी राजे राज्य करीत होते. हैदर अल्लीच्या फौजांनीं केलेली मुलखाची नासाडी, डोक्यावर झालेलें कर्ज आणि घरांत एकामागून एक झालेले मृत्यु यांमुळें ते अगदीं खचून गेले होते. पोटचें मूल उरलें नाहीं, म्हणून त्यांनीं १७८७ च्या जानेवारी महिन्यांत भोसले कुळांतील एक मुलगा दत्तक घेतला. तोच आपला चरित्रनायक सरफोजी होय. त्याचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजीं झाला होता. म्हणजे दत्तविधानाच्या वेळीं तो पुरतीं दहा वर्षांचाही नव्हता. दत्तविधान होऊन थोडेच दिवस लोटले नाहींत, तोंच तुळजाजी राजे मरण पावले.

मरणापूर्वीं राजांनीं एका मनुष्यास मुद्दाम बोलावून आणिलें. तो मनुष्य म्हणजे रेव्हरंड क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ सालीं प्रशिया देशांत झाला, हाले येथें त्यांचें शिक्षण झालें आणि १७५० सालीं ते तरंगंबाडी येथें उतरले. तेव्हांपासून मरेपर्यंत ते स्वदेशीं परत गेले नाहींत. तमिळ भाषा तर त्यांस मातृभाषेप्रमाणें येत असेच. पण तंजावरच्या दरबाऱ्यांशीं बोलतां यावें म्हणून ते मराठीही शिकले. त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास किती होता, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. हैदराच्या लढाईच्या काळांत तंजावरच्या किल्ल्यांत अन्नावांचून माणसें मरूं लागलीं. बाहेरच्या शेतकऱ्यांजवळ धान्य होतें, बैलही होते. पण सरकारनें पूर्वीं पैसे बुडविल्यामुळें कोणी धान्य देईना. शेवटीं श्वार्ट्झ यांनीं आपण पैसे देऊं असा शब्द दिला, आणि त्या एका शब्दावर धान्य किल्ल्यांत आलें.

अशा पुरुषाच्या ओटींत आपला मुलगा घालावा, असें तुळजाजी राजांच्या मनांत आलें. परंतु श्वार्ट्झ यांनीं प्रथम ती जोखीम घेतली नाहीं. ज्याच्याजवळ फौज नाहीं, किल्ला नाहीं, अशा परदेशी पाळकाच्या हातीं मूल दिलें, तर भाऊबंदकींत त्या मुलाचा जीवच जाईल, असें त्यांस वाटलें. म्हणून राजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांस कारभार सांगावा, अशी सल्ला त्यांनीं दिली. तिचा हेतु चांगला होता, परंतु परिणाम मुलाच्या वाट्यास वाईट आला. तुळजाजी वारल्यावर दत्तक शास्त्राप्रमाणें नाहीं, असा निर्णय पंडितांकडून मिळविण्यांत आला, आणि इंग्रज कंपनीच्या संमतीनें अमरसिंग स्वतःच गादीवर बसले.

यापुढें त्या मुलाचे फार हाल झाले. त्यास वाड्यांत कोंडून ठेवण्यांत आलें. शिकविण्यास कोणी येऊं दिलें नाहीं. अकरा-बारा वर्षांचें वय झालें तरी त्यास धड लिहितां-वाचतां येत नव्हतें. श्वार्ट्झ यांच्या चरित्रांत सांगितलें आहे कीं, ते त्यास भेटावयास गेले, तेव्हां ऊन-वारा जेथें शिरत नाहीं अशा खोलींत दिव्याच्या उजेडांत तो बसलेला होता. त्यानें आपल्या पालकास विचारिलें कीं, तुमच्या देशांतही मुलांस सूर्यचंद्र पाहूं देत नाहींत काय? वाचकहो, हा प्रश्न ध्यानांत ठेवा. ज्या मुलास कांहीं गुन्हा नसतां उजेडास पारखें केलें होतें, तोच पुढें अंध झालेल्यांस उजेड मिळवून देण्यासाठीं झटला.

श्वार्ट्झ स्वस्थ बसले नाहींत. आपल्या सल्ल्यामुळें मूल संकटांत पडलें आहे, हें पाहून त्यांनीं मद्रासच्या सरकाराकडे अर्जामागून अर्ज पाठविले. मुलाच्या रक्षणासाठीं पहारा बसविला गेला, आणि शेवटीं १७९३ सालीं सरफोजी व तुळजाजी राजांच्या विधवा राण्या यांस मद्रासेस नेण्यांत आलें. तेथें रेव्हरंड गेरिके यांच्या देखरेखीखालीं त्याच्या शिक्षणास खरी सुरुवात झाली. पंधरा-सोळा वर्षांचें वय म्हणजे अक्षरओळखीचें वय नव्हे. परंतु दुष्काळांतून आलेला मनुष्य जसा अन्नावर तुटून पडतो, तसा हा तरुण विद्येवर तुटून पडला. इंग्रजी तर तो उत्तम शिकलाच, शिवाय युरोपांतील इतर भाषांचीही त्यास गोडी लागली. इकडे दत्तकाच्या प्रश्नाची पुन्हां चौकशी झाली. पूर्वींच्या पंडितांचा निर्णय लाच देऊन मिळविलेला होता असें दिसून आलें, दुसऱ्या शास्त्र्यांनीं दत्तक योग्य ठरविला, आणि १७९८ च्या जून महिन्यांत सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले.

परंतु तो दिवस पाहण्यास श्वार्ट्झ जिवंत नव्हते. ते १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं प्रभूकडे गेले होते. तरुण राजपुत्र पुरण्याच्या वेळीं स्वतः आला, पेटीजवळ उभा राहून रडला, आणि आपल्या हातानें त्यानें देहावर भरजरी वस्त्र घातलें. आपल्या धर्माच्या व पदाच्या लोकांस काय वाटेल, याची पर्वा त्यानें केली नाहीं. पुढें त्यानें इंग्लंडांतील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या देवळांत बसविलें. मरणशय्येवर पडलेले वृद्ध पाळक आणि त्यांचा हात धरून उभा असलेला राजा असें तें चित्र आहे. थडग्यावरील इंग्रजी कविताही राजांनीं स्वतःच रचली.

आतां राज्य मिळालें खरें, पण तें टिकलें किती? वर्ष-सव्वा वर्षच. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें कंपनीनें सर्व मुलूख आपल्या ताब्यांत घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला, दरसाल एक लक्ष होन आणि वसुलाचा पांचवा हिस्सा एवढेंच उरलें. फौज नाहीं, न्याय नाहीं, कर बसविण्याचा अधिकार नाहीं. वय बावीस वर्षांचें, हातांत पैसा, आणि करावयास काम कांहीं नाहीं. अशा स्थितींत सांपडलेले कितीएक संस्थानिक नाचरंगांत व व्यसनांत बुडून गेले, हें इतिहास सांगतो. सरफोजी राजांपुढेंही तोच रस्ता मोकळा होता. त्यांनीं दुसरा धरिला. जें हिरावून घेतलें गेलें त्याचें रडगाणें गात न बसतां, जें हातीं उरलें त्याचा उपयोग कोणासाठीं करावा, हा विचार त्यांनीं केला.

त्यांच्या उद्योगांची यादी मोठी आहे. येथें थोडाच उल्लेख करूं. नायक राजांच्या काळापासून वाड्यांत असलेला ग्रंथसंग्रह त्यांनीं इतका वाढविला कीं, सरस्वती महाल ग्रंथालय हें आज हिंदुस्थानांतील जुन्या हस्तलिखितांचें एक मोठें भांडार झालें आहे. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले, तेव्हांही त्यांनीं तिकडून ग्रंथांच्या प्रती मिळवून आणिल्या. त्यांनीं शाळा काढिल्या आणि देवनागरी टाइपांचा छापखाना घातला. त्या छापखान्यांत इसापच्या गोष्टींचें मराठी पुस्तक १८०६ च्या सुमारास छापलें गेलें. मुंबई इलाख्यांत मराठी छापील पुस्तकें मुलांच्या हातीं पडण्याच्या पूर्वींची ही गोष्ट आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा मराठी इतिहास त्यांनीं १८०३ सालीं कोरविला, तो आजही वाचावयास मिळतो.

परंतु या सर्वांत त्यांचें मन विशेषेंकरून रमलें तें वैद्यकांत. वाड्यांत त्यांनीं धन्वंतरी महाल नांवाची संस्था स्थापिली. तेथें आयुर्वेदाचे वैद्य, तमिळ देशांतील सिद्ध पद्धतीचे वैद्य, युनानी हकीम आणि पाश्चात्य विद्या जाणणारे डॉक्टर असे सर्व एकत्र बसविले होते. एरवीं हे लोक एकमेकांच्या सांवलीस उभे राहते ना. येथें राजांचा नियम असा होता कीं, औषध कोणत्या पोथींतलें आहे हें मागाहून पाहावें; त्यानें गुण येतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. माणसांचीं औषधें तेथें होत, त्याप्रमाणें गुराढोरांचींही होत. अनुभवास उतरलेले उपाय राजांनीं तमिळ पद्यांत लिहवून घेतले, कारण त्या मुलखांतील खेड्यांतल्या वैद्यांस तीच भाषा कळत असे व पद्य पाठ करण्यास सोपें पडे. या ग्रंथमालेंत डोळ्यांच्या रोगांवर एक निराळा भाग आहे. राजांच्या संग्रहांत वैद्यकाचीं पाश्चात्य पुस्तकें, विजेचें यंत्र, हवा काढून घेण्याचा पंप आणि हस्तिदंताचा केलेला मानवी सांगाडा होता, असें वर्णन त्या काळच्या पाहुण्यांनीं केलें आहे. हाडांस शिवणें ज्या समाजांत विटाळ मानीत, तेथें शरीराची रचना शिकण्याची ही युक्ति होती.

आतां डोळ्यांच्या उपचाराकडे वळूं. डोळ्याच्या बाहुलीमागें काचेसारखें स्वच्छ असें एक भिंग देवानें बसविलें आहे. म्हातारपणीं, किंवा मार लागल्यानें, तें भिंग दुधासारखें गढूळ होतें; यासच आपण मोतीबिंदु म्हणतों. पडदा बाहेरून आलेला नसतो, म्हणून तो अंजनानें किंवा झाडपाल्याच्या रसानें कधींही जात नाहीं. हिंदुस्थानांत फार प्राचीन काळापासून, सुश्रुताच्या ग्रंथांत सांगितल्याप्रमाणें, डोळ्यांत सुई घालून तें गढूळ भिंग वाटेंतून बाजूस ढकलण्याची रीत होती. युरोपांत १७४७ सालीं दाव्हिएल नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें तें भिंग डोळ्याबाहेर काढण्याची नवी रीत सुरू केली. सरफोजी राजांच्या काळीं या दोन्ही रीति चालत होत्या. परंतु दोहोंतही रोग्यास भूल देण्याचा उपाय नव्हता. ईथरची भूल १८४६ सालीं आली, डोळा बधिर करणारें कोकेन १८८४ सालीं, आणि हत्यारें जंतुरहित करण्याचा लिस्टरचा शोध १८६७ सालीं. म्हणजे तंजावरचा रोगी जागा असतां, डोळा उघडा ठेवून, वैद्याच्या हाताकडे पाहत बसत असे. त्यास केवढें धैर्य लागत असेल, आणि वैद्याचा हात किती स्थिर असावा लागत असेल, याचा विचार करा.

या कामाची साक्ष कागदांवर उरली आहे. सरस्वती महालांत चाळिसांहून अधिक नेत्ररोग्यांचीं टिपणें सांपडलीं आहेत. तीं बहुतेक इंग्रजींत व कांहीं मोडींत आहेत. २००३ सालीं राजांच्या वंशजांकडून चेन्नई येथील शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांस यांची माहिती मिळाली, आणि तेव्हांपासून जाणत्या डॉक्टरांनीं त्यांचा अभ्यास केला आहे. रोगी कोण, त्याची तक्रार काय, डोळा कसा दिसला, काय औषध दिलें, शस्त्रक्रिया केली असल्यास पुढें काय झालें, असा वृत्तांत त्यांत आहे. कांहींच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रेंही काढून ठेविलीं आहेत. मॅकबीन नांवाच्या इंग्रज डॉक्टराचें साहाय्य राजांस होतें. राजे जेथें जात तेथें शस्त्रांची पेटी बरोबर नेत आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया स्वतःच्या हातानें करीत, अशी त्यांच्या घराण्यांतील परंपरा आहे. सुई राजांनीं धरली असो अथवा त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानें, रोग्यांची व्यवस्था त्यांचीच होती आणि टिपणें जपून ठेवण्याची शिस्त त्यांचीच होती, यांत संशय नाहीं.

या टिपणांचें महत्त्व सामान्य वाचकास एकदम कळणार नाहीं. त्या काळीं आपल्याकडील वैद्य आपली विद्या मुलास किंवा एखाद्या शिष्यास कानांत सांगत, आणि वैद्य मेला कीं विद्याही मरे. भटका सुईवाला तर गांवांत येई, डोळ्यांत सुई घाली, चार दिवस उजेड दिसला म्हणून दक्षिणा घेई आणि निघून जाई. पुढें डोळा पिकला, फुटला, तर तें पाहण्यास तो नसे. म्हणून त्यास आपली चूक कधीं कळतही नसे. जो वैद्य नांव-निशाणीसह टिपण ठेवतो आणि रोग्यास पुन्हां पुन्हां पाहतो, तो आपल्या अपयशासही साक्षीदार ठेवतो. असें करण्यास विद्येइतकीच सचोटी लागते. राजास तर कोणी जाब विचारणारें नव्हतें. तरी त्यांनीं ही रीत पाळली.

रोग्यांप्रमाणें वाटसरूंचीही काळजी ते घेत. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांचीं छत्रें, म्हणजे धर्मशाळा होत्या. मुलूख कंपनीकडे गेल्यावर हीं छत्रेंही जातील अशी भीति पडली, तेव्हां राजांनीं १८०१ सालीं रेसिडेंट टोरिन यांस पत्र लिहून तीं आपल्याकडे ठेवण्याची विनंति केली. त्या पत्रावरून छत्रांत काय चाले तें कळतें. कोणत्याही जातीचा व देशाचा प्रवासी आला तरी त्यास अन्न मिळे. आजारी पडला तर वैद्य त्यास पाही. मेला तर त्याच्या रीतीप्रमाणें क्रिया होई. वाटेंत बाळंत झालेल्या स्त्रीची शुश्रूषा होई. आईबाप मेलेल्या लेंकरास दूध मिळे आणि तें मोठें झाल्यावर शिक्षणही. राज्य गेल्याबद्दल भांडून उपयोग नव्हता. पण गरिबांच्या ताटासाठीं मात्र ते भांडले.

आतां एक प्रश्न आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या मनांत येईल. श्वार्ट्झ यांच्या हाताखालीं वाढलेला हा राजा ख्रिस्ती झाला काय? नाहीं. त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. ते अखेरपर्यंत आपल्या वाडवडिलांच्याच धर्मांत राहिले, देवळांस देणग्या देत राहिले. म्हणून कोणी म्हणेल कीं, श्वार्ट्झ यांचे श्रम वायां गेले. आम्हांस तसें वाटत नाहीं. श्वार्ट्झ यांनीं त्या निराश्रित मुलास धर्मांतराच्या आशेनें नव्हे, तर तो अन्यायांत सांपडला होता म्हणून सोडविलें. आणि त्या मुलानेंही हें ओळखलें. गादीवर बसल्यावर त्यांनीं आपल्या गुरूच्या स्मरणार्थ पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची सोय केली आणि मिशनरी लोकांशीं अखेरपर्यंत स्नेह ठेविला. पेरणाऱ्यास आपल्या मनांतलेंच पीक दिसलें नाहीं, म्हणून शेत नापीक म्हणूं नये. आमच्या उपदेशक बंधूंनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. ज्या घरीं आपण रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यासाठीं जातों, तें घर मंडळींत येईलच असें नाहीं; तरी त्या जाण्याचें फळ कोणत्या तरी रूपानें दुसऱ्याच्या ताटांत पडत असतें.

१८२६ सालीं बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हां त्यांची व राजांची भेट झाली. रसायन, वनस्पति व प्राणी यांवरील युरोपियन पंडितांचे ग्रंथ या हिंदी राजास इतके चांगले अवगत आहेत हें पाहून बिशपसाहेब थक्क झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्रिचनापल्ली येथें बिशपसाहेब वारले. राजे आणखी सहा वर्षें जगले आणि ७ मार्च १८३२ रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, मरण पावले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ सालीं पुत्रावांचून वारले, तेव्हां उरलेंसुरलें राज्यही कंपनीनें खालसा केलें. गादी गेली, तोफा गेल्या. ग्रंथ आणि रोग्यांचीं टिपणें मात्र राहिलीं.

वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आपल्यापाशीं धन्वंतरी महाल नाहीं. पण सरफोजी राजांच्या रोग्यांस जें मिळत नव्हतें, तें आज आपल्या गांवच्या गरिबांतल्या गरिबास मिळूं शकतें. १९४९ सालीं लंडन येथें रिडले नांवाच्या डॉक्टरांनीं काढलेल्या भिंगाच्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याची रीत सुरू केली, आणि आतां डोळा बधिर करून थोड्याच वेळांत ही शस्त्रक्रिया होते. सरकारी दवाखान्यांत ती मोफतही होते. तरी मोतीबिंदु हेंच आपल्या देशांत अंधत्वाचें सर्वांत मोठें कारण आहे. याचें कारण औषधाचा अभाव नव्हे. म्हाताऱ्या माणसास दवाखान्यापर्यंत नेणारें कोणी नसतें, हें होय. मुलगा मासेमारीस गेलेला, सून मजुरीस गेलेली, आणि आजी ओट्यावर भिंत चांचपीत बसलेली, असें घर कोणत्या गांवांत नाहीं?

तेव्हां प्रत्येक मंडळीच्या उपदेशकानें एक लहानशी वही करावी. आपल्या गांवांत कोणास अंधुक दिसतें, कोणत्या डोळ्यानें, केव्हांपासून, हें त्यांत लिहावें, आणि त्यांत ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद करूं नये. मग एकेकास हात धरून सफाळ्यास किंवा पालघरास गाडीनें न्यावें, डॉक्टरांस दाखवावें, आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हां जाऊन डोळा बरा आहे कीं नाहीं हें पाहावें व तेंही वहींत लिहावें. झाडपाल्याचा रस डोळ्यांत पिळणाऱ्यांस व फिरत्या सुईवाल्यांस ठाम नकार द्यावा. राजास जमलें तें आपल्यास कसें जमणार, असें म्हणूं नये. कारण या कामास राजेपण लागत नाहीं. ज्याचें राज्य गेलें होतें, त्यानेंच तें केलें.